कमी आवाजाची करवत

नशिराबाद
१९ नोव्हेंबर २०२३

चि. लीलाधर यास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक आहोत. तूही ठीक असशील असं धरून लिहितो. दिवाळी झाली. तुझ्या आईने शेव आणि अनारसे केले, तुझ्या नावाचा डबाही भरला. धुळ्याला जाणारं कुणी भेटलं नाही, असं मी तिला सांगितलं. धुळ्याला दिवसभर बस आहेत हे तिलाही माहीत आहे. डबा मग आम्हीच खाल्ला.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. जन्मभर पोस्टमनकी केली. पत्र माणसाच्या हातात पडतं एवढा माझा भरवसा आहे. यात भांडण काढलेलं नाही, तेव्हा शेवटपर्यंत वाच. मला एक सल्ला हवा आहे, आणि तो तुझ्या धंद्यातल्या माणसाचाच हवा.

घरी लाकूड कापायची एक मशीन घ्यायची आहे. पहिली कोणती घेऊ?

हसशील. नाना म्हातारपणी सुतार व्हायला निघाले म्हणशील. त्याचं असं झालं, की तुझ्या हर्षालीची खुर्ची पुन्हा लहान पडली. सात वर्षांची झाली ती. तू गेलास तेव्हा मान अजिबात धरत नव्हती, आता थोडी धरते. पण आधार काढला की अंग एका बाजूला कलतं. हातपाय ताठ ते ताठच. तू गेल्यावर जब्बारभाईंनी तिला दोन खुर्च्या करून दिल्या, माप घेऊन, जीव लावून. पण त्यांचे डोळे फार अधू झाले, आणि ते आता रावेरला मुलीकडे राहतात. जळगावचे सुतार स्वयंपाकघरं आणि कपाटं करण्यात गुंतलेले. एका खुर्चीसाठी येतो म्हणतात, येत नाहीत. एक आला, त्याने शाळेच्या बाकासारखं काहीतरी ठोकून दिलं. पोर त्यात बसली नाही, लोंबली.

व्यायाम करून घेणाऱ्या बाई सांगतात, ही नीट ताठ बसली तरच घास नीट गिळेल, नाहीतर अन्नपाणी छातीत उतरतं. वाढतं अंग आहे. वर्ष होत नाही तोवर खुर्ची बदलायला होणार. दर वेळी कुणाच्या किती पाया पडणार? म्हणून म्हटलं, आपणच शिकू. हातकरवतीने एक फळी कापून पाहिली. दुसऱ्या दिवशी खांदा वर जाईना.

जळगावात दुकानदाराने चार प्रकार दाखवले. गोल पात्याची, हातात धरायची. तसंच पातं टेबलातून वर आलेली. पट्ट्यासारखं लांब पातं फिरतं ती बँडसॉ. आणि शिवणयंत्राच्या सुईसारखं पातं खालीवर होतं ती जिगसॉ. तो म्हणतो टेबलाची घ्या, सगळी कामं होतात. मला तिची भीती वाटते. मागच्या अंगणातली सायकलींची पत्र्याची शेड रिकामी केली आहे. जागा तेवढीच.

हर्षालीला थोडा कफ आहे, थंडी लागली की होतो तसा. चारुलता लेकीला तुझ्या आईकडे सोपवून सकाळी कापडाच्या दुकानावर जाते, दुपारी येते. तुला पत्र लिहितो आहे हे मी तिला सांगितलेलं नाही.

चार ओळी लिही. करवतीबद्दलच लिही. दुसरं काही लिहायची सक्ती नाही.

तुझा
नाना

⁂

धुळे
३० नोव्हेंबर

ती. नाना,
सा. न. पत्र मिळालं.

जिगसॉ घ्या. टेबलाची घेऊ नका, शिकवणारं कुणी जवळ नसताना त्या मशीनवर हात घालू नये. बँडसॉ चांगली, पण जड असते, आणि तिचा पट्टा बदलणं तुम्हाला झेपणार नाही. जिगसॉने खुर्चीपुढच्या पाटाला पोटासाठी अर्धगोल कापता येतो. दुसऱ्या मशीनने तो नीट येत नाही. सरळ कापायचं असेल तेव्हा प्लायवर एक सरळ पट्टी शिकंज्याने आवळून बसवा आणि मशीन तिला टेकवून न्या. बारीक दात्याचं पातं लावा. घाई करू नका, पातं वाकतं.

गोल पात्याची मुळीच घेऊ नका. ती किंचाळते. हर्षू दचकते. दचकली की दोन्ही हात वर जातात आणि मग बराच वेळ अंग सैल होत नाही.

बसायची फळी मागच्या बाजूला बोटभर खाली ठेवा. मी सपाट ठेवली होती.

आईला नमस्कार.

लीलाधर

⁂

नशिराबाद
२१ जानेवारी २०२४

चि. लीलाधर यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं, आणि ते कपाटात ठेवायला जाणार तोच चारुलता समोर आली. लपवणं बरं दिसलं नसतं. तिच्या हातात दिलं. तिने उभ्यानेच वाचलं, मग ओट्याला टेकून पुन्हा वाचलं. "हर्षू दचकते हे आठवतं त्यांना," एवढंच म्हणाली आणि पोरीला भरवायला गेली. चार वर्षं ती असं समजून होती, की तू हर्षालीला कंटाळून गेलास. मीही तिला वेगळं काही सांगू शकलो नव्हतो, कारण मला तरी कुठे माहीत होतं?

फळी सपाट होती हे तू एकटाच इतकी वर्षं धरून बसला आहेस, हे त्या एका ओळीवरून कळलं. तू केलेली ती पहिली खुर्ची सागाची होती, कडा इतक्या गुळगुळीत की गालावरून फिरवाव्या. पोर तिच्यातून घसरली आणि कपाळाला लागलं. दोन टाके पडले. तू खुर्ची मागे नेऊन फोडलीस आणि त्याच आठवड्यात घर सोडलंस. आम्हाला वाटलं, तुला पोरीकडे बघवत नाही. तुला स्वतःकडे बघवत नव्हतं, होय ना? व्यायामाच्या बाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, पहिली खुर्ची बहुतेकांची चुकते, माप अंगाचं घेतात आणि तोल कुणी मोजत नाही. टाक्यांची खूण आता केसांत शोधावी लागते.

मशीन घेतली. जळगावात मिळत असताना धुळ्याला येऊन घेतली.

आग्रा रोडवर एक दुकान आहे, अर्हम नावाचा तरुण चालवतो. त्याला म्हटलं, बाबा, मी पाठ करून उभा राहतो, तू एकेक मशीन न सांगता चालू कर. त्याला वाटलं म्हातारा जरा सरकलेला आहे. तरी केलं बिचाऱ्याने. गोल पात्याची सुरू झाली तेव्हा मी एवढा मोठा माणूस जागचा हललो. जिगसॉ सुरू झाली तेव्हा हललो नाही, पण दात आवळले गेले. मग त्याने तिचा वेग कमी करून दाखवला. आवाज खाली आला, मोठ्या भुंग्यासारखा. तो म्हणाला, "काका, लोक करवतीची धार बघतात. आवाज कोण बघतं?" मी सांगितलं कशासाठी ते. त्याने मग दुकानातल्या सगळ्या जिगसॉ एकेक करून लावून पाहिल्या आणि सगळ्यांत मवाळ आवाजाची स्वतः निवडून दिली.

आता हे लिहावं की नाही, असं दोन दिवस चाललं होतं. लिहितो. दुकानातून निघून मी तुझ्या फर्निचरच्या कारखान्यावर आलो. आत आलो नाही. समोर चहाची टपरी आहे, तिथे बसलो. सुटी झाल्यावर तू बाहेर आलास. गेटपाशी उभा राहून करंगळीने कानातला भुसा काढलास, तसाच, मान वाकडी करून. केस मागे गेले तुझे. शर्ट खांद्यावरून उतरत होता. एकाशी काहीतरी बोललास, हसलास, आणि गाडीला किक मारून गेलास.

मी हाक मारली नाही. मारली असती आणि तू थांबला नसतास, तर माझ्याने बस धरून घरी येणं झालं नसतं.

पारोळ्यापर्यंत खोकं मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरने विचारलं, काय आहे त्यात? म्हटलं, नातीचं सामान आहे. घरी आल्यावर तुझ्या आईला सांगितलं, तू दिसलास. तिने फक्त एक विचारलं. "मना पोऱ्या बारीक व्हई गया का?" मी नाही म्हणालो.

हर्षालीचं सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी मी शेडचं दार लावून मशीन सुरू केली आणि चारुलता तिला घेऊन पुढच्या खोलीत बसली. तरीही हात वर गेले. पण लगेच खाली आले. मग रोज थोडी थोडी मशीन जवळ आणली. चौथ्या-पाचव्या दिवशी तिचे डोळे आवाजाकडे वळले. आता शेडच्या दारात तिला मांडीवर घेऊन तुझी आई बसते आणि मी आत कापतो. मशीन बंद करताना तिचा आवाज हळूहळू उतरत जातो ना, तिथे ती हसते. तोंड पूर्ण उघडून हसते, लाळ गळते, आणि पुन्हा लाव म्हणून "अं" करते. लाकूड संपलं तरी मी नुसतीच चालू-बंद करत बसतो. प्लायचे कितीतरी तुकडे वाया घालवले, पण बाजूच्या दोन्ही फळ्या सरळ आल्या. तू सांगितल्यासारखी पट्टी आवळली होती.

बसायची फळी मागे बोटभर उतरती ठेवली आहे. पुढचा पाट अजून कापायचा आहे. अर्धगोलाला हात कचरतो. तो कापायला तू आलास तर बरं होईल. एका दिवसाचं काम आहे. सकाळी येऊन संध्याकाळी परत गेलास तरी कुणी काही विचारणार नाही.

तिचा कफ अजून हटला नाही. औषध चालू आहे.

तुझा
नाना

⁂

नशिराबाद
५ एप्रिल २०२४

चि. लीलाधर,
आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. ऊन फार चढलं आहे. दुपारी शेडच्या पत्र्याखाली उभं राहवत नाही, म्हणून सकाळीच काय ते काम करतो. तुझी आई ठीक आहे, गुडघे दुखतात. चारुलता दुकानावर पुन्हा जायला लागली.

जिगसॉ उत्तम चालते. पण सरळ फळ्या फार असल्या की तिच्याने वेळ जातो, पातंही लवकर बोथट होतं. म्हणून दुसरी एखादी मशीन घ्यावी का, असा विचार घरात निघाला. मी म्हटलं, बँडसॉचं बघू, लीलाधरला विचारू. तेव्हा चारुलता म्हणाली, "नाना, गोल पात्याचीच घ्या. आता घरात आवाजाने कुणी दचकत नाही."

मला हे वाक्य तुझ्यासाठी मोडून लिहिता येत नाही. ती म्हणाली तसंच लिहिलं.

हर्षाली गेली, लीलाधर. महाशिवरात्रीच्या आधी.

कफ छातीत उतरला. ताप आला, तो हटेना. जळगावला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी काही कसर ठेवली नाही. नाकाला नळी लावली होती आणि ती नळी तिला सहन होत नव्हती, म्हणून चारुलता तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरून बसायची. शेवटच्या सकाळी मी चहा घेऊन वर गेलो, तेव्हा चारुलता तिच्याशी बोलत होती, आज ऊन चांगलं पडलं आहे, नाना खुर्चीचा पाट कापणार आहेत, असं काहीतरी. मी कप खाली ठेवला आणि पाहिलं, तर हात सैल होते. इतके सैल तिचे हात मी जन्मात पाहिले नव्हते. मलाच आधी कळलं. चारुलता बोलतच होती. तिला थांबवणं माझ्याकडे आलं.

तुला कळवलं नाही असं समजू नकोस. दवाखान्यातून तुझा नंबर लावला, लागला नाही. कारखान्यात लावला. तू सुरतेला कुठल्या हॉटेलच्या फर्निचरच्या कामावर गेला होतास. पलीकडच्या माणसाने विचारलं, काय निरोप देऊ? असा निरोप परक्याच्या तोंडी देता येतो का? मी म्हणालो, घरी फोन कर म्हणावं. तू केला नाहीस. तुला वाटलं असेल, नानांना पुन्हा करवतीचं काहीतरी विचारायचं असेल. त्यात तुझी चूक नाही.

तिला आम्ही वाघूरच्या काठी ठेवून आलो. मी, तुझे दोन चुलतभाऊ आणि शेजारची माणसं. जब्बारभाईही आले होते, रावेरहून, नातवाचा हात धरून. ते म्हणाले, मला दिसत नाही ते आज बरं आहे.

त्यानंतर महिनाभर मी तुला लिहिलं नाही. चारुलताला वाटत होतं, लिहिलं असेल. तुझ्या आईलाही तसंच वाटत होतं. मी बसायचो, तारीख घालायचो, आशीर्वाद लिहायचो आणि थांबायचो. तुला कळलं नव्हतं तोवर धुळ्यात तरी ती होती. तुझ्या मनात ती अजून दचकत होती, तिच्यासाठी तू मशीन निवडत होतास. ते माझ्या हाताने मोडवेना. पण हे योग्य नव्हे. बापाला कळलंच पाहिजे.

खुर्ची अर्धवट शेडमध्ये पडून होती. मी तिच्यावर गोणपाट टाकलं होतं. गेल्या पंधरवड्यात एकदा चारुलताने ते काढलं आणि म्हणाली, ही पुरी करायची. व्यायामाच्या बाईंकडे बाकावर तिच्या शेजारी बसायची ती मिसबाह, जळगावची. तिची महेक चार वर्षांची आहे, हर्षालीसारखीच. तिलाही खुर्ची मिळत नव्हती. माप लहान करावं लागणार होतं, सगळ्याच फळ्या कमी करायच्या होत्या. मला वाटलं माझ्याने होणार नाही. तशी मी कबुलीही दिली. चारुलता म्हणाली, मग मी कापते, तुम्ही फळी धरा.

तिने कापलं, लीलाधर. पदर खोचून, दात आवळून, तुझं पत्र समोर ठेवून. पुढच्या पाटाचा अर्धगोलसुद्धा तिने कापला. थोडा वाकडा आला, तो मी कानशीने घासून नीट केला. मशीन बंद झाली की आवाज उतरतो त्या वेळी आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो.

मिसबाह पोरीला घेऊन आली. पोरीला खुर्चीत बसवलं आणि ती बसली. मान किंचित कलती, पण बसली. आपल्या आईकडे समोरून बघायला लागली. मिसबाहला आनंद झाला होता आणि तो आमच्यासमोर दाखवावा की नाही हे तिला कळत नव्हतं. तिने तोंडावर ओढणी घेतली. चारुलताने खाली बसून महेकचा कमरेचा पट्टा स्वतः लावला, दोन बोटं आत घालून पाहिली, घट्ट तर नाही ना म्हणून. मग घरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. सकाळी घासलेलीच भांडी होती.

आता बाईंकडून आणखी दोघांचे आईबाप विचारायला आले आहेत. चारुलता त्यांना हो म्हणाली. मीही हो म्हणालो. पण माझं एक होत नाही. दुसऱ्याच्या लेकराच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत पट्टी धरली की आकडा वाचताच येत नाही. चारुलतालाही तिथे पाठ फिरवावी लागते. कापणं आम्हाला जमेल. माप घ्यायला माणूस हवा.

तुला अजून कळवलेलं नाही, आता लिहिणार आहे, असं चारुलताला आज सांगितलं आणि विचारलं, तुझं काही लिहू का? तिने हातातली घडी पुरी केली. मग म्हणाली, "त्यांना यायचं असेल तर या म्हणावं. पण माझ्यापुढे रडायला येऊ नका म्हणावं. मला आता कुणाला सावरायची ताकद नाही." हे रागाने म्हणाली नाही. थकलेला माणूस जसं बोलतो तसं म्हणाली. मी तिचे शब्द बदललेले नाहीत. रडायचं असेल तर तुझी आई आहे, मी आहे.

तू सुरतेहून परत आल्याचं कारखान्यातून कळलं. हे पत्र मी पेटीत टाकत नाही. मरणाची कित्येक पत्रं मी लोकांच्या दारात दिली आणि पुढच्या घराकडे वळलो. पुढची घरं असायची, वळावंच लागायचं. हे तसं द्यायचं नाही.

उद्या सकाळच्या बसने मी धुळ्याला येतो आहे. तोंडाने सांगणं माझ्याने होणार नाही, म्हणून सगळं लिहून ठेवलं. या वेळी हाक मारीन. पाकीट तुझ्या हातात देईन आणि तू वाचून होईपर्यंत कुठे जाणार नाही. सावकाश वाच. वाचून झालं की वर बघ.

तुझ्यासमोर उभा,
नाना